हा कुठल्या भाषेत वाचतो?

बांबोळीला त्या दिवशी आमचा नंबर लागायला बारा वाजले. पेडणे ते म्हापसा, म्हापसा ते पणजी, पणजी ते बांबोळी अशा तीन बसेस बदलून आम्ही तिघं तिथं पोचलो होतो. ममा, माझा धाकटा भाऊ आणि मी. भावाचं खरं नाव इथं देत नाही. घरात त्याला बाबू म्हणतात, इथंही तो बाबूच. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आठवीत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

चाचणी घेणाऱ्या मॅडमनी फाईल उघडली, बाबूकडे बघून हसल्या आणि ममाला कोंकणीत विचारलं, "हो खंयचे भाशेंत वाचता?" हा कुठल्या भाषेत वाचतो? वाचायला उतारे कुठल्या भाषेतले द्यायचे, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. साधा प्रश्न.

ममानं माझ्याकडे बघितलं. मग पर्सचा पट्टा घट्ट धरून म्हणाली, "खंयचेच ना, डॉक्टर."

कुठल्याच नाही. आठ वर्षं शाळेत गेलेल्या मुलाची आई हे सांगत होती, आणि आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं होतं. बाबू खिडकीबाहेर बघत बसला. त्याला ही बातमी नवीन नव्हती.

आमच्याकडे भाषांची कमी आहे असं अजिबात नाही. घरी कोंकणी, तीही पेडण्याची, पलीकडच्या सावंतवाडीच्या मालवणीची थोडी चव असलेली. आजीचं तेर्साचं पुस्तक रोमी लिपीतलं, चर्चमधली गीतांची वहीही रोमी. वाड्यावर शेजारी बहुतेक हिंदू, त्यामुळे चतुर्थीच्या आरत्या मला लहानपणापासून पाठ. घरी येणारा पेपर मराठी. चालत जाण्याच्या अंतरावर सरकारी प्राथमिक शाळा, तीही मराठी. मग पाचवीला हायस्कूल, आणि तिथं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं इंग्रजी होऊन जातं. त्यात हिंदी वेगळी. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात आणि डोक्यात मिळून चार भाषा आणि दोन लिप्या. गोव्यातल्या तुमच्यापैकी अनेकांना यात काही विशेष वाटणार नाही, कारण तुम्हीही असेच वाढलात. मीही अशीच वाढले आणि मला ते आवडलं. ‘ख्रिश्चनांचं पोर काय मराठी बोलतं!’ हे कौतुक ऐकत मी वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं घरी आणली.

बाबूचं मात्र पहिलीपासून अडत होतं. मराठी शाळेतल्या बाईंनी सांगितलं, "घरी कोंकणी बोलतात ना, म्हणून होतं असं." पाचवीत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मिडियम बदललंय, होईल सवय." म्हापशाचा मामा म्हणाला, "मी सांगत होतो, पहिलीपासून इंग्लिश मिडियमला घाला." प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी वाटेत भेटले, ते म्हणाले, "चांगलं शिकत होतं पोर, इंग्रजीनं वाट लावली." सहावीत लॉकडाऊन आला आणि सगळ्यांच्या हाती आयतं कारण मिळालं.

गोव्यात शिक्षणाचं माध्यम हा नुसता शाळेचा विषय नाही. १९९० साली सरकारनं ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर माध्यम मराठी किंवा कोंकणी असलं पाहिजे. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट मोकळी झाली. दोन्ही वेळा घराघरांत भांडणं झाली. आजही लग्नाच्या मांडवात हा विषय निघाला की जेवण थंड होतं. आमचा बाबू या वादात दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून सापडला. मामा त्याच्याकडे बोट दाखवून मराठी शाळा कशा वाईट ते सांगायचा आणि गुरुजी त्याच्याकडेच बोट दाखवून इंग्रजी कसं घातक ते सांगायचे. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, म्हणूनच पुढे कुणी काही बघितलं नाही. तो मराठीत वाचत नव्हता, इंग्रजीत वाचत नव्हता, रोमी कोंकणीत वाचत नव्हता. तिन्हींकडे एकदम बघायला हवं होतं, ते कुणीच केलं नाही.

मी माझंही सांगून टाकते. माझ्याकडे याहून सोपं कारण होतं: बाबू आळशी आहे.

बाबू पाचवीत असतानाची मे महिन्याची गोष्ट. वाड्यावरच्या खुरसाकडे लादीन होती. दरवर्षी मुलं एकेक प्रार्थना कागदावरून वाचतात. मी मोठ्या मुलांत, यादी माझ्याकडे. त्याला जरा सवय लागेल म्हणून मी त्याचं नाव घातलं, त्याला न विचारता. त्याची पाळी आली. कागद हातात घेऊन तो उभा राहिला. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, कुणीतरी त्या पुन्हा लावत होतं, आणि हा गप्प. मग त्यानं कागदाकडे बघत बघत भलतीच, त्याला पाठ असलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मुलं हसली. मीही हसले. मग पुढे होऊन त्याच्या हातातला कागद ओढला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. लोकांनी माझं कौतुक केलं. त्या दिवसानंतर बाबू लादिनीला मागच्या माडाखाली उभा राहायला लागला, मोठ्या पुरुषांबरोबर. मला ते आळशीपणाचंच आणखी एक लक्षण वाटलं.

मग २०२०. शाळा फोनवर आली. आमच्या घरात नेटवर्क मिळायचं ते फक्त विहिरीच्या कठड्यापाशी, आणि फोन दोघांत एक. मी अकरावीला, तो सहावीला. त्याचा तास चालू असताना मी शेजारीच बसलेली असायचे, माझी पाळी कधी येते याची वाट बघत. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला शिकताना बघितलं. सर बोलत असत तोवर तो अगदी एकाग्र. प्रश्न विचारला की उत्तर माझ्या आधी त्याच्या ओठांवर. पण ग्रुपवर लेखी प्रश्न आले की पाणी प्यायला जायचा आणि परत यायचाच नाही. एकदा मी प्रश्न मोठ्यानं वाचला आणि त्याला म्हटलं, लिहू नको, व्हॉइस मेसेज करून पाठव. त्यानं दीड मिनिटाचं उत्तर बोलून पाठवलं. सरांचा अंगठा आला. बाबूनं तो अंगठा दिवसभरात कितीतरी वेळा उघडून बघितला.

मला तेव्हाही काही कळलं नाही. कळलं ते शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सायन्सच्या टीचरना. त्यांनी पाण्याचं चक्र शिकवलं होतं आणि बाबूचा पेपर जवळजवळ कोरा होता. रागावण्याऐवजी त्यांनी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "पेपर राहू दे. तोंडानं सांग, कोंकणीत सांग." बाबूनं आगरवाड्याच्या मिठागरांबद्दल सांगितलं. खाडीचं पाणी आत कसं घेतात, ऊन कसं काम करतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं कसं राहतं, पावसाळ्यात तेच पाणी वरून कसं परत येतं. इव्हॅपोरेशन या शब्दाचं स्पेलिंग त्याला जन्मात जमलं नसतं, पण इव्हॅपोरेशन म्हणजे काय हे त्यानं ढोपरभर पाण्यात उभं राहून बघितलेलं होतं. टीचरनी ममाला बोलावून घेतलं. "हा मुलगा ढ नाही आणि आळशीही नाही. याला वाचता येत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत," असं सांगणाऱ्या त्या पहिल्या.

नंतर मला इतिहासात असाच एक मुलगा सापडला. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं चौदा वर्षांच्या पर्सीबद्दल एक लेख लिहिला होता. पर्सी हुशार, खेळात तरबेज, पण वाचता येत नाही. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. एवढ्या वर्षांपूर्वीचे ते मास्तर आणि आमच्या पेडण्याच्या सायन्स टीचर यांची गाठ पडली असती तर त्यांचं छान जमलं असतं.

बांबोळीच्या चाचण्यांनंतर कागद हातात आला. बुद्धिमत्ता वयाप्रमाणे. वाचन तिसरीच्याही खाली. निदान: विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनातल्या अडचणीला आपण डिस्लेक्सिया म्हणतो, ती यातच येते.

घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. दाखल्यासाठी अर्ज करायचा तर त्यावर ‘दिव्यांग’ हा शब्द येणार. ममाला तो शब्द नको होता. वाड्यावर कळलं तर? उद्या नोकरीच्या वेळी? एका नातेवाईक बाईंनी सुचवलं, पर्वरीच्या संजय स्कूलला घाला. ती विशेष मुलांची शाळा आहे, आणि ज्यांना तिची गरज आहे त्यांच्यासाठी ती असायलाच हवी. पण बाबूला दुसरी शाळा नको होती. त्याला त्याच्याच शाळेत, त्याच बाकावर, त्याच मित्रांशेजारी बसून शिकायचं होतं. फक्त शिकवणं त्याच्यापर्यंत पोचायला हवं होतं.

शेवटी निर्णय पपानं दिला. पपा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने. व्हिडिओ कॉलवर ममानं त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, नेटवर्क गेलं असं आम्हाला वाटलं. मग म्हणाला, "माझंही असंच होतं. मला छड्या मिळाल्या, कागद नाही मिळाला. बाबूचा कागद करून घ्या." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पपानं मला आजपर्यंत टाईप केलेला एकही मेसेज पाठवलेला नाही. सगळे आवाजाचे. मी समजत होते, त्याला वेळ नसतो. ही अडचण पुष्कळदा घराण्यात उतरते हे मी नंतर वाचलं.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण हे माहीत असतं तर आमची पाच वर्षं वाचली असती. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात वाचनाची अडचण नव्हती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते एकवीस केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली. याच कायद्याचं कलम १६ सांगतं की शाळांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यांना झेपेल अशा पद्धतीनं शिकवावं. ओळखण्याची जबाबदारी आईबापांवर नाही, मुलावर तर नाहीच. २०१८च्या नियमांप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षापासून दाखला मिळू शकतो, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करायची असते. बाबू आठ वर्षांचा तिसरीत झाला होता. आम्ही बांबोळीला पोचलो तेराव्या वर्षी. शेजारच्या महाराष्ट्रानं तर अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ सालीच सुरुवात केली होती.

पण कागदानं मुलगा वाचायला लागत नाही. ते काम विशेष शिक्षिकेचं. आमच्या शाळेत त्या आठवड्यातून एकदाच यायच्या, कारण त्यांच्याकडे बऱ्याच शाळा होत्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे खटल्यात सांगितलं की प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे आणि त्यावरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. त्या एका दिवसासाठी बाबू बाकीचे दिवस कसे थांबायचा हे बघितल्यावर हा आकडा मला कोरडा वाटत नाही.

त्या काय करायच्या? लायब्ररीच्या कोपऱ्यात एक टेबल. पुठ्ठ्यात एक लांबट खिडकी कापलेली, ती ओळीवर ठेवायची म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते. ताटात रांगोळी पसरून बोटानं अक्षर काढायचं, काढताना तोंडानं उच्चारायचं, म्हणजे डोळा, कान आणि हात एकदम कामाला लागतात. शब्दाचे तुकडे करून टाळी वाजवायची. त्यांनी मला एकदा समोर बसवून मराठीच समजावून सांगितली आणि साहित्याची विद्यार्थिनी असूनही मी ती तशी कधी बघितली नव्हती. ‘दिवस’ म्हणताना आधी ‘द’, मग ‘इ’. पण लिहिताना वेलांटी आधी येऊन बसते. ‘सूर्य’मधला ‘र’ डोक्यावर चढतो, ‘प्रकाश’मधला पायाशी जातो, ‘राष्ट्र’मधला खाली छोटं छप्पर होऊन बसतो. तुमच्या-माझ्या डोळ्यांना हे आपोआप जमतं म्हणून सोपं वाटतं. बाबूला प्रत्येक ठिकाणी नवी भेट. आणि इंग्रजीत वेगळाच घोळ: तिथं ‘पुट’ आणि ‘बट’ सारखे लिहायचे आणि वेगळे म्हणायचे, ‘नाईफ’मधला ‘के’ लिहायचा आणि गिळायचा. एक अडचण, पण प्रत्येक लिपीत तिचा चेहरा निराळा. म्हणूनच आमच्यासारख्या घरांत ती इतकी वर्षं भाषेच्या आड लपून राहते.

वर्गातले बदल तर फुकटचे होते. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी मित्राच्या वहीची झेरॉक्स. प्रश्न एकदा मोठ्यानं वाचून दाखवणं. न सांगता उभं करून धडा वाचायला न लावणं. स्पेलिंगला नाही, उत्तराला मार्क. काही शिक्षकांनी हे पहिल्या आठवड्यात केलं, काहींनी शेवटपर्यंत केलं नाही. "चाळीस मुलांत एकासाठी मी काय काय करू?" असं एका सरांनी विचारलं. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

लोकांना समजावून सांगताना एक नाव हमखास येतं. २००७ सालचा ‘तारे जमीन पर’. त्या सिनेमाचे आपल्यावर उपकार आहेत, डिस्लेक्सिया हा शब्द त्यानं घरोघरी पोचवला. पण त्यामुळे आमच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "मग याला काय येतं? चित्रं काढतो?" बाबूला साधा माड काढता येत नाही, काढला तर छत्री वाटते. फुटबॉल बरा खेळतो, गातो बेसूर. तो एक साधा मुलगा आहे. मला वाटतं, खरी परीक्षा इथंच आहे. आत कुठलातरी हिरा दडलाय म्हणून मदत करायची, की शाळेत बसलाय एवढंच पुरे? पायरी चढता न येणाऱ्याला आपण आधी गाणं म्हणून दाखव असं म्हणत नाही. ‘अक्षरं नाचतात का रे?’ असंही सगळे विचारतात. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "अक्षरां नाचनात. हांवच थांबतां." अक्षरं नाचत नाहीत, मीच थांबतो.

दहावीला त्याला लेखनिक आणि वाढीव वेळ मंजूर झाला. तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लगेच कुजबुज सुरू झाली. "आमच्या मुलाला का नाही?" मी एका काकूंना म्हटलं, "काकू, तुमच्या मुलाला चष्मा आहे, म्हणून आम्ही बाबूसाठी चष्मा मागितला का?" त्या हसल्या. पटलं की नाही माहीत नाही.

लेखनिक घेऊन परीक्षा देणं सोपं असतं असं वाटत असेल तर एकदा करून बघा. उत्तर मनात जुळवायचं, तुकड्यातुकड्यानं सांगायचं, दुसऱ्याचा हात लिहीत असताना पुढचं वाक्य धरून ठेवायचं. आकृती काढताना तर जीव जातो. याचा सराव हवा, म्हणून आठ महिने रोज संध्याकाळी मी त्याची लेखनिक. आणि तिथं मी पुन्हा चुकले. तो सांगायचा, "झाडं तोडली तर माती वाहून जाते." मी लिहायची, "बेसुमार वृक्षतोडीमुळे जमिनीची धूप होते." मला वाटे, मी मदत करतेय. त्यानं एकदा मला लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. ऐकलं आणि म्हणाला, "बाय, तें हांवें सांगूंक ना." ते मी सांगितलेलं नाही.

मी वैतागले. म्हटलं, अरे, मार्क जास्त मिळतील. तो म्हणाला, "मार्क तुका मेळटले." मार्क तुला मिळतील.

विशेष शिक्षिकांना सांगितलं तर त्यांनी मलाच झापलं. लेखनिकानं ऐकू येईल ते लिहायचं, तसंच, त्याच शब्दांत. तो फक्त हात आहे. मला खुरसासमोरची ती संध्याकाळ आठवली. तेव्हाही मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला होता, आणि या वेळी पेन. दोन्ही वेळा मला मी चांगली बहीण वाटत होते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, नववीतला एक अनोळखी मुलगा लेखनिक म्हणून. पहिल्या पेपरनंतर बाबू बाहेर आला, मी विचारलं कसा गेला. म्हणाला, "त्या मुलानं मी सांगितलं तेच लिहिलं." माझ्याकडे बघून म्हणाला, मुद्दामच. निकाल आला. पास झाला, मध्यम गुणांनी. पेपरात फोटो येण्यासारखे नाहीत, पण सगळे त्याचे. ‘आता आयटीआयला घाला’ असा सल्ला सगळीकडून आला. त्यानं कॉमर्स घेतलं. कारण विचारलं तर म्हणतो, मित्र तिथं गेले. अशा साध्या कारणावरून शाखा निवडायचा हक्क बाकी सगळ्या मुलांना असतोच की. आता अकरावीत आहे. मराठीतली बातमी खिडकीच्या पुठ्ठ्याशिवाय वाचतो, सावकाश. इंग्रजी पुस्तक फोनला वाचायला लावतो आणि कानांनी ऐकतो.

पणजीला २०२३ पासून पर्पल फेस्ट होतो, दिव्यांगांचा उत्सव. आपल्यातले काहीजण तिथं स्वयंसेवक म्हणून जाऊन आलेत. चांगलंच काम आहे. पण तिथं मदत करताना कुणाला हात द्यायचा ते दिसतं. चाक दिसतं, काठी दिसते, खुणांची भाषा दिसते. बाबूसारख्यांचं काहीच दिसत नाही. दिसतो तो कोरा पेपर, पाणी प्यायला गेलेला आणि परत न आलेला मुलगा, मागच्या माडाखाली उभा राहिलेला मुलगा. आपल्या वाङ्मय मंडळातले निम्मे तरी जण पुढे बी.एड. करून शिक्षक होणार आहेत. तुमच्या वर्गात असा एखादा असणारच. तो घरी कोंकणी बोलतो म्हणून, मराठी शाळेतून आलाय म्हणून, इंग्रजी नवीन आहे म्हणून, ही कारणं तोंडावर येतील तेव्हा क्षणभर थांबा आणि बांबोळीच्या मॅडमनी विचारला तो प्रश्न विचारा: हा कुठल्या भाषेत वाचतो? उत्तर ‘कुठल्याच नाही’ असेल तर भाषेला दोष देऊ नका. त्याला तोंडी बोलू द्या, आणि तपासणीला पाठवा. आठव्या वर्षी, तेराव्या नव्हे.

हा लेख छापायला देण्याआधी मी बाबूला वाचून दाखवला. त्याच्यावर आहे, तर त्याची परवानगी हवी. विहिरीच्या कठड्यावर बसून त्यानं सगळा ऐकला. दोन ठिकाणी हसला. माडाच्या चित्राबद्दल तक्रार केली. खुरसाजवळचा भाग आला तेव्हा पायानं दगड सरकवत राहिला, बोलला काही नाही.

शेवटी मी एक परिच्छेद लिहिला होता. त्यात बाबूनं अंधारावर मात केली, त्याच्या जिद्दीपुढे अक्षरं नमली, तो आम्हा सर्वांची प्रेरणा झाला, असं बरंच काही होतं. वक्तृत्व स्पर्धेत नक्की टाळ्या पडल्या असत्या. तो ऐकून बाबू थोडा वेळ गप्प बसला.

मग म्हणाला, "बाय, तें हांवें सांगूंक ना."

तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.